पाऊस न पाहिलेली माती

अमेरिकेतलं लुइझियाना राज्य. मिसिसिपीच्या पूरमैदानाच्या कडेला हे टेकाड उभं आहे. उंची 22 मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. अंगावर गवत, झाडी. निसर्गाचंच काम वाटावं असं. पण यातली माती माणसांनी टोपल्यांनी वाहून आणली आहे, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी.

जागेचं आजचं नाव पॉव्हर्टी पॉइंट. एकोणिसाव्या शतकात इथे एक मळा होता, त्याच्यावरून पडलेलं. टेकाडासमोर एकाबाहेर एक असे सहा अर्धवर्तुळाकार मातीचे वरंबे आहेत. नांगर फिरून फिरून ते इतके बसले होते, की त्यांवरून चालणाऱ्यालाही कळू नये. त्यांचा आकार ओळखू आला तो 1950च्या दशकात, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत.

हे रचणारे लोक शेती करत नव्हते. हरणं, मासे, रानातली कवचाची फळं यांवर त्यांचं पोट. चाक नाही, ओझ्याला बैल नाही. आधी धान्याची कोठारं, मग राजा, आणि मग मोठी बांधकामं, हा क्रम आपल्या मनात घट्ट बसलेला असतो. या टेकाडापाशी तो मोडतो, आणि म्हणूनच मला ही जागा इतकी मोलाची वाटते.

आता टेकाडाच्या आतली माती जवळून पाहू. राखाडी, पिवळसर, तांबूस असे ठिपके. कुठे टोपली रिकामी झाली, ते अजून दिसतं. इथली माती वाऱ्याने आणून टाकलेली, भुसभुशीत. एका जोरदार सरीने तिच्यावर ओघळ पडतात. पण इथे थरांच्या मध्ये ओघळ नाहीत. गवताची मुळं नाहीत, गांडुळांची बिळंही नाहीत. म्हणजे एक थर उघडा पडून राहण्याआधीच त्यावर दुसरा पडत होता. पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे, की हे काम अवघ्या तीन महिन्यांत उरकलं असावं. माती किती? सुमारे 2,38,000 घनमीटर. आपल्या हिशेबाने जवळजवळ 84,000 ब्रास!

2014 साली हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

या परिसरात दगड मिळत नाही. म्हणून ही माणसं मातीचे गोळे भाजून, ते तापवून खड्ड्यात ठेवत आणि त्या धगीवर अन्न शिजवत. असे असंख्य गोळे इथे सापडले आहेत. हा एक बघा. मुठीत दाबून वळलेला. बोटांचे खळगे अजून तसेच आहेत.