कनवटीला काय, विमानात काय

हर्णै. पडवीत मासळी तोलायचा ताणकाटा टांगलाय. आज त्याला सुरमई नाही, स्लीपिंग बॅग लटकलीये. ‘दीड किलो,’ नातू म्हणतो आणि वहीत लिहितो.

नातू कॅनडाच्या उत्तरेला छोटं विमान चालवतो. चाकांच्या जागी दोन फ्लोट, धावपट्टीच्या जागी तळं. बिघाड होऊन भलत्याच तळ्यावर उतरावं लागलं, तर माणसाचं तोंड दिसायला दिवस लागतात. तिथल्या हवाई नियमांतच लिहिलंय: आग पेटवता यावी, आडोसा करता यावा, पाणी शुद्ध करता यावं, खूण देऊन मदत मागता यावी. त्यासाठी काय न्यायचं ते मुलूख आणि ऋतू पाहून ठरवायचं. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात पडवीभर पसारा. तंबू, कुऱ्हाड, डोक्यावरून ओढायची मच्छरजाळी, व्हॅसलिन चोळलेले कापसाचे बोळे. हे बोळे ओल्या लाकडालाही दाद देत नाहीत, बराच वेळ जळतात.

अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा तो तिकडेच घेणार. तो केबिनमध्ये ठेवायचा नाही, फ्लोटच्या पोकळ कप्प्यात ठेवायचा. फोडणीत मिरची करपली की अख्खं घर खोकतं. इथे तर डबा फुटला की वैमानिकाचे डोळेच मिटणार. आईने दिलेली सुक्या जवळ्याची पुडी मात्र त्याने बाजूला काढली. वास अस्वलालाही येतो.

आणि वजन. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ७२० ग्रॅम. जड तंबू घेतला, तर तेवढं पेट्रोल कमी. सामान कुठे ठेवलं हेही मोजायचं. आजोबा आरामखुर्चीतूनच सांगतात, ‘मागे भरू नको रे. नाळ वर येईल.’ नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. आजोबा विमानात कधी बसलेले नाहीत, पण बरोबर बोलले. भार मागे गेला की नाक उचलतं, आणि वेग पडला तर विमान सावरणं अवघड होतं.

मग आजोबांची होडी पालथी झाली होती, ती गोष्ट निघते. डबा, जाळं, विजेरी, सगळं गेलं. पायाला गुंडाळलेला दोर कापायला चाकू मिळाला, कारण तो कमरेला होता.

नातू आता लाइफ जॅकेट काढतो. हे अंगावर घालायचं, पण आत बसून फुगवायचं नाही. विमान पाण्यात उलटलं आणि जॅकेट फुगलेलं असलं, तर माणूस वर तरंगत राहतो, दार राहतं खाली. बाहेर पडायचं, मग दोरी ओढायची. त्याच्या खिशांत लायटर, चाकू, शिटी, आणि मुठीत मावणारं संकटसूचक यंत्र. ४०६ मेगाहर्ट्‌झवर ते उपग्रहाला हाक देतं. जुनी १२१.५ वाली यंत्रं अजून दिसतात, पण १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती ऐकत नाहीत.

पडवीतला बाकी पसारा विमानाबरोबर बुडू शकतो. कनवटीला राहील ते एवढंच.

संध्याकाळी तो आजोबांसमोर जॅकेट घालून उभा राहतो. डोळे मिटलेले, उजवा हात पाठीमागे. डाव्या हाताने लायटर. चाकू. शिटी. यंत्राचा खिसा दोनदा चुकतो.

‘परत,’ आजोबा म्हणतात.