चोपड्यातली मुलं

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. सकाळ. लाकडी जिन्याखाली लहान मुलांच्या चपलांचा ढीग. वरच्या खोलीत एक लाल चोपडा उघडतो.)

हा हिशेबाचा चोपडा बाबांचा. दिवाळीच्या आधी ते मांडवीच्या बाजारातून दरवर्षी दोन आणायचे, एक दुकानाचा आणि एक अडीअडचणीला. लाल कापडी पुठ्ठा, पांढऱ्या दोऱ्याची शिवण. ज्या वर्षी दुकान बंद झालं त्या वर्षीचा एक कोराच राहिला, तो मी मागून घेतला. पहिल्या पानावर बाबांच्या हातचं ‘श्री’ आहे आणि कुंकवाचं बोट. दुसऱ्या पानापासून माझी मुलं सुरू होतात. सिनेमातली मुलं.

प्रत्येक नावाला मी आठ पानं सोडते. सिनेमाचं नाव, साल, मी कुठे पाहिला, कुणाबरोबर, आणि त्या मुलाचा एक क्षण. एकच. बाकीची पानं पुढच्या कामासाठी कोरी.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. पाचवी ते आठवी. दिवसभर समोर दहा-बारा चेहरे असतात. उत्तर येत नसलं की मूल कुठे बघतं, घरी भांडण झालेलं असलं की पेन्सिल कशी धरतं, हे मला पाठ झालंय. म्हणून पडद्यावर एखादं मूल खोटं वागलं की मला लगेच खुपतं. पाठ केलेलं वाक्य गोड आवाजात म्हणणारी मुलं पुष्कळ असतात, त्यांना टाळ्याही मिळतात. मी बघते ते दुसरंच. समोरचं माणूस बोलत असताना हे मूल ऐकतंय का? खरंच ऐकतंय, की आपल्या वाक्याची वाट बघत उभं आहे?

(दृश्य: चोपड्याचं दुसरं पान. शाई फिकट झालेली.)

पहिलं नाव अश्विन चितळे. ‘श्वास’, साल 2004. पुण्याला मावशीकडे गेले होते, तेव्हा कॉलेजात होते मी. कोकणातला परशा, त्याच्या डोळ्याला कर्करोग. ऑपरेशन झालं की जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. अरुण नलावडे त्याचे आजोबा. मोठी माणसं परशाच्या डोक्यावरून बोलत राहतात आणि तो मध्ये बसलेला असतो. काहीतरी आपल्याबद्दल चाललंय एवढंच त्याला कळतं. मावशी शेजारी रडत होती. मी त्या मुलाच्या मानेकडे बघत होते. आवाज ज्या बाजूने येईल त्या बाजूला ती मान जराशी कलायची, बस. घरी येऊन मी तेवढंच लिहिलं.

‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी सिनेमाला ते मिळत होतं, आणि दोन्ही सिनेमे एका लहान मुलाच्या खांद्यावर उभे. अश्विनला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पेपरातलं कात्रण अजून चिकटवलेलं आहे, डिंकाने पिवळं पडलंय.

(दृश्य: कला भवनाची इमारत. घुमट, कमानी. विद्यार्थी सायकली लावतायत.)

आता तुम्हाला जरा बाहेर नेते. हे कला भवन. सयाजीराव महाराजांनी उभं केलेलं. आज इथे इंजिनिअरिंगची मुलं शिकतात. धुंडिराज गोविंद फाळके इथे शिकून गेले. तेच आपले दादासाहेब. मी या रस्त्याने शाळेत जायचे तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा मी रिक्षा थांबवून खाली उतरले होते.

दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईला कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्यातला रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र. आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. वय वर्षं सात.

‘कालिया मर्दन’ आजही बघायला मिळतो. गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके आपल्याला नुसता त्या मुलीचा चेहरा दाखवतात. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून एकामागून एक भाव करत जाते. हसते, रुसते, रागावते. एका मुलीचा चेहरा नीट बघा आणि मगच पुढे चला, असं बाप प्रेक्षकांना सांगतोय. मी चोपडा करायला लागले त्याच्या 85 वर्षं आधी कुणीतरी हेच करून ठेवलं होतं! मंदाकिनीला मी चोपड्यात मागून घातलं, पण पान तिला पहिलं दिलं. बाबांच्या ‘श्री’च्या मागच्या बाजूला.

(दृश्य: सूरसागरच्या कडेने चालणारी माणसं. संध्याकाळ. सेव-उसळीच्या गाडीवर वाफ.)

बडोद्यात मराठी सिनेमा बघणं म्हणजे धावपळ. शुक्रवारी लागतो, शो बहुधा एक, तोही दुपारी अडीच नाहीतर रात्री उशिराचा. दुसऱ्या शुक्रवारी असेलच असं नाही. एकदा आम्ही चौघीजणी शिकवणी बदलून, घरचं आवरून धापा टाकत पोचलो, तर माणसं पुरेशी नाहीत म्हणून शो रद्द. पैसे परत मिळाले, पण सिनेमा तीन वर्षं हुकला. तेव्हापासून मी बुधवारीच फोनाफोनी सुरू करते. रावपुऱ्यातल्या दोघी, कारेलीबागेतली मैत्रीण, तिची सासू, शिकवणीतल्या मुलांचे आईबाप. पंधरा डोकी जमली की शो टिकतो. सिनेमा संपला की सगळे मिळून सेव-उसळ खायची, आणि तिथेच वाद घालायचे. कारेलीबागेतल्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं वय 78 आहे. ‘फॅन्ड्री’नंतर त्यांनी उसळीला हात लावला नाही.

‘फॅन्ड्री’ 14 फेब्रुवारी 2014 ला आला. त्यातला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, करमाळ्याकडचा मुलगा, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेला. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या चोपड्यात मात्र त्याच्या आधीचा प्रसंग आहे. डुकराच्या मागे सगळं घर धावतंय, शाळेतली मुलं बघून हसतायत, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो. हात बाजूला. समोरून डुक्कर निसटतंय. अंगात धावण्याचा जोर तसाच भरलेला आणि अंग मात्र गप्प. हे कुठलाही शिकवलेला नट करून दाखवेल? मला नाही वाटत. सोमनाथलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

(दृश्य: चोपड्याची पानं उलटतात. ‘टिंग्या’, ‘शाळा’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘किल्ला’. काही पानं भरलेली, काही कोरी.)

लोक मला विचारतात, मोठे नट सोडून या पोरांच्या मागे काय लागलीस? मोठ्या नटाच्या मागे सगळं जग आहे. मूल एका सिनेमात दिसतं, कौतुक होतं, फोटो छापून येतात, आणि मग? मग बोर्डाची परीक्षा येते, आवाज फुटतो, उंची वाढते, फोन यायचे थांबतात. काही मुलं हा नाद सोडून देतात. ‘श्यामची आई’त श्यामचं काम केलेले माधव वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले. किती छान! त्यांचं पान मी भरलेलंच धरते.

आणि काही जण टिकतात. पार्थ भालेराव घ्या. 2014 ला ‘भूतनाथ रिटर्न्स’मध्ये अमिताभ बच्चनसमोर उभा राहिलेला अखरोट. मग ‘किल्ला’मधला बंड्या. ‘किल्ला’ला बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या ज्यूरीने क्रिस्टल बेअर दिलं, आणि पार्थच्या या दोन कामांची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. नंतर 2017 पासून ‘बॉईज’चे चार भाग. ‘बॉईज’मधले विनोद मला सगळेच आवडत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलंय मी. पण मित्र बोलत असताना पार्थचे डोळे अजून बंड्याचेच असतात. आठ पानं कधीच संपली, पुरवणी जोडली.

(दृश्य: शिकवणीची खोली. फळ्यावर अपूर्णांक. मुलं वहीत डोकं घालून.)

एक गोष्ट मी ठरवून करत नाही. मुलांच्या घरापर्यंत जात नाही. फोन नाही, सेल्फी नाही, शाळेची चौकशी नाही. रिंकू राजगुरूने ‘सैराट’ केला तेव्हा ती अकलूजची शाळकरी मुलगी होती. 29 एप्रिल 2016 ला तो लागला आणि तिला रस्त्यावर चालणं मुश्कील झालं. दहावीची परीक्षा तिने बाहेरून दिली, कारण शाळेत जाणंच शक्य राहिलं नव्हतं. आणि तिचे दहावीचे मार्क बातम्यांत आले! मी मास्तरीण आहे. मूल निकालाच्या दिवशी कसं घरी येतं, मला माहीत आहे. तो आकडा मी चोपड्यात लिहिला नाही. ‘कागर’ लिहिला, ‘झुंड’ लिहिला, ‘झिम्मा 2’ लिहिला.

आता कायदा तरी थोडा जागा झालाय. 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि सलग 27 दिवसांच्या वर नाही. कमाईतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा, तो सज्ञान झाल्यावर त्याचा त्याला. हे नियम मी चोपड्याच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलेत. शिकवणीतल्या कुणाच्या आईने ऑडिशनचं विचारलं की आधी ते पान वाचायला देते.

(दृश्य: अंधारं थिएटर. प्रोजेक्टरचा झोत, त्यात धूळ.)

बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही, ती कानात असतेच. म्हणून ‘छेल्लो शो’ हा गुजराती सिनेमा आमचाही. दिग्दर्शक पान नलिन आपल्या इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत कला शिकलेले. भाविन रबारीने केलेला समय नावाचा मुलगा आईने दिलेला डबा प्रोजेक्टरवाल्याला देतो आणि त्याच्या खोलीत बसून सिनेमा बघतो. झोतात हात घालून उजेड पकडायला बघतो. भारताकडून ऑस्करला हा सिनेमा गेला, भाविनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच सिनेमात समयच्या टोळीत एक मुलगा आहे, राहुल कोळी. सिनेमा इथे 14 ऑक्टोबर 2022 ला लागला. राहुल त्याआधी काही दिवस ल्युकेमियाने गेला. थिएटरात तो पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हळू आवाजात त्याचं नाव घेतलं. त्याची आठ पानं मी सोडलेली आहेत. दुसऱ्या कुणाला देणार नाही.

(थोडा वेळ निवेदन नाही. रस्त्यावरचा आवाज.)

श्रीनिवास पोकळे. ‘नाळ’, नोव्हेंबर 2018. चैत्याला कळतं की ही आपली खरी आई नाही, आणि त्यानंतर तो देविका दफ्तरदारकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर मी माझ्या वर्गात एकदा पाहिली आहे. पाच वर्षांनी ‘नाळ 2’ आला. पहिल्या दृश्यातच मी पुढे सरकून बसले. उंच झालाय. गाल उतरलेत. बोलणं तेच वऱ्हाडी, पण आवाज थोडा खाली गेलेला. पडद्यावर त्याच्यासमोर आता चिमी होती, त्रिशा ठोसर, एवढीशी. ती फुगून बसलेली असताना हा काहीच करत नाही. तिचं ऐकतो, वाट बघतो, तिला जागा देतो. लहानपणी त्याच्यासाठी मोठ्यांनी जे केलं असेल, ते तो आता तिच्यासाठी करत होता! मला रडू आलं ते त्याचं.

1 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा त्रिशा, श्रीनिवास आणि ‘नाळ 2’मधलाच भार्गव जगताप, तिघांचीही नावं होती. श्रीनिवासचा हा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. त्या संध्याकाळी शिकवणीला मी पेढे वाटले. मुलांना वाटलं, ताईंच्या घरी कुणीतरी पास झालं.

(दृश्य: रविवार. शिकवणीच्या खोलीचे पडदे ओढलेले. भिंतीला पांढरी चादर. जमिनीवर बसलेली अकरा मुलं.)

मागच्या रविवारी गणित नाही घेतलं. चादर टांगली आणि ‘कालिया मर्दन’ लावला. मूकपट म्हटल्यावर आधी कुरबुर झाली. एकाने विचारलं, “ताई, आवाज बंद पडलाय?” मग मंदाकिनीचा चेहरा आला.

मी सिनेमा बघत नव्हते, मुलांकडे बघत होते. मंदाकिनी हसली. मंदाकिनी रुसली. सहावीतली एक मुलगी आहे, वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती पुढे बसली होती. मंदाकिनीच्या भुवया वर गेल्या, आणि हिच्याही गेल्या. मंदाकिनीने ओठ आवळले, हिनेही. तिचं तिला ठाऊक नव्हतं.

मी चोपडा उघडला नाही. तशीच बसून राहिले, तिच्याकडे बघत.