गाडी विकली म्हणजे नेमके काय झाले?

मित्रहो, तिमाही संपली की दोन-तीन दिवसांत टेस्ला ही विजेच्या गाड्या बनवणारी अमेरिकी कंपनी दोन आकडे जाहीर करते. गाड्या किती बनवल्या आणि ग्राहकांच्या ताब्यात किती दिल्या. नफा-तोट्याचा हिशेब यायला आणखी तीनेक आठवडे लागतात. तोवर गुंतवणूकदार, विश्लेषक आणि पत्रकार याच दोन आकड्यांचा कीस काढत बसतात. एकाला त्यात मागणी आटलेली दिसते, तर दुसऱ्याला ती कधी आटलीच नव्हती असे वाटते. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी बरीच वर्षे मन लावून वाचत आलो आहे. माझे मत असे झाले आहे की यातले निम्मे वाद खरे तर तिमाहीच्या शेवटच्या तारखेवरून होतात आणि मागणीचे नाव मात्र फुकट घेतले जाते.

आधी 'डिलिव्हरी' या शब्दाचा अर्थ नीट पाहू. बहुतेक मोटार कंपन्या डीलरला गाडी देतात. गाडी डीलरच्या आवारात उभी राहिली की कंपनीच्या दृष्टीने ती विकली गेली, मग ती तिथे दोन महिने ऊन खात का असेना. टेस्लाला डीलर नाहीत. गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि कागदपत्रे पूर्ण झाली, तरच ती मोजायची, असा कंपनीने जाहीर केलेला नियम आहे. म्हणजे ३१ मार्चला दिलेली गाडी एका तिमाहीत आणि १ एप्रिलला दिलेली पुढच्या तिमाहीत. ३१ मार्चच्या रात्री जी गाडी जहाजावर आहे, तिचे पैसे भरायला ग्राहक तयार असला तरी ती न विकलेलीच.

आता यात भूगोल आणा. २०१९ च्या अखेरीस शांघायचा कारखाना सुरू होईपर्यंत टेस्लाच्या सगळ्या गाड्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जुळवल्या जात. युरोप आणि चीनच्या गाड्या तिमाहीच्या सुरुवातीला बनवून जहाजावर चढवायच्या, मग अमेरिकेच्या दूरच्या राज्यांच्या, आणि शेवटी जवळपासच्या. परिणामी सगळ्या गाड्या शेवटच्या काही आठवड्यांत एकदम ग्राहकांपर्यंत पोहोचत. सप्टेंबर २०१८ मध्ये इतकी धांदल उडाली की जुने टेस्लाधारक स्वखुशीने डिलिव्हरी केंद्रांवर जाऊन नव्या ग्राहकांना गाडीची माहिती देत होते. तिमाहीच्या पहिल्या महिन्यात एखाद्या देशातली नोंदणी कमी दिसली की 'विक्री कोसळली' अशी बातमी येते, तेव्हा हे जहाजांचे वेळापत्रक आठवायला हवे. नॉर्वेत वाहननोंदणीचे आकडे चटकन हाती येतात, म्हणून तिथल्या आकड्यांवरून पुष्कळांनी पुष्कळ अंदाज बांधले आणि ते पुष्कळदा फसले.

आता २०१९ ची पहिली तिमाही, म्हणजे जानेवारी ते मार्च. माझ्या मते हा अभ्यासण्यासारखा सर्वांत चांगला नमुना आहे. आदल्या तिमाहीत टेस्लाने ९०,७०० गाड्या दिल्या होत्या. या तिमाहीत दिल्या साधारण ६३,०००. ४ एप्रिलला समभाग एका दिवसात सुमारे आठ टक्के पडला. तिमाहीचा तोटा ७० कोटी २० लाख डॉलर निघाला आणि 'मागणी संपली' हे वाक्य जिकडेतिकडे छापून आले. जूनच्या सुरुवातीला समभाग १८० डॉलरच्याही खाली गेला होता. हा तेव्हाचा भाव, एका समभागाचे अनेक भाग करणारी विभागणी नंतर झाली.

त्या तिमाहीत गाड्या बनल्या होत्या साधारण ७७,१००. बनवलेल्या आणि दिलेल्या यांत १४ हजारांचा फरक. त्यांपैकी १०,६०० गाड्या ग्राहकांकडे जाण्याच्या वाटेवर होत्या, कारण मॉडेल ३ ही टेस्लाची तुलनेने स्वस्त गाडी त्याच तिमाहीत पहिल्यांदा युरोप आणि चीनला निघाली होती. दुसरे कारण करसवलतीचे. अमेरिकेत एखाद्या कंपनीने दोन लाख विजेच्या गाड्या विकल्या की तिच्या ग्राहकांची सवलत टप्प्याटप्प्याने कमी होत असे. टेस्लाने तो आकडा जुलै २०१८ मध्ये ओलांडला, त्यामुळे १ जानेवारी २०१९ ला ७,५०० डॉलरची सवलत ३,७५० वर आली. फेब्रुवारीत घ्यायची गाडी डिसेंबरातच घेणे कोणत्याही शहाण्या माणसाच्या फायद्याचे होते. पुढच्या तिमाहीत ९५,२०० गाड्या गेल्या, त्या काळातला उच्चांक.

इथे टेस्लाचे चाहते टाळ्या वाजवतात. मला त्यांनाही थांबवायचे आहे. त्याच पहिल्या तिमाहीत मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या महागड्या गाड्यांची डिलिव्हरी २७,५५० वरून १२,१०० वर आली होती. एवढी घसरण जहाजांच्या वेळापत्रकाने समजावता येत नाही. शिवाय २८ फेब्रुवारीला कंपनीने ३५,००० डॉलरची मॉडेल ३ आणण्याचा आणि आपली बहुतेक दुकाने बंद करण्याचा निर्णय एकाच दमात जाहीर केला, आणि दुकानांचा निर्णय दहा-बारा दिवसांत बऱ्यापैकी मागे घेतला. सगळे सुरळीत असलेली कंपनी असे करत नाही. टीकाकारांना काहीतरी खरे दिसले होते. ते त्यांनी सगळ्या गाड्यांना लावले, ही त्यांची चूक.

तीच बातमी एप्रिल २०२४ मध्ये परत आली. पहिल्या तिमाहीत ३,८६,८१० गाड्या दिल्या, वर्षभरापूर्वीपेक्षा साडेआठ टक्के कमी. कंपनीने कारणे दिली: फ्रीमाँटमध्ये नव्या मॉडेल ३ ची सुरुवात, तांबड्या समुद्रातल्या संघर्षामुळे जहाजांना पडलेला वळसा आणि बर्लिनजवळच्या कारखान्याची वीज तोडणारी जाळपोळ. तिन्ही गोष्टी खऱ्या घडलेल्या. २०१९ चा धडा पाठ असलेल्या भागधारकांनी लगेच म्हटले, हे त्याच प्रकारातले आहे.

पण शेजारचा आकडा बघा. त्या तिमाहीत गाड्या बनल्या होत्या ४,३३,३७१. कारखाना बंद पडला तर गाड्या कमी बनतील. बनलेल्या गाड्या शिल्लक का राहतील? ४६,५६१ गाड्यांची शिल्लक जाळपोळीने समजावता येत नाही. काही गाड्या वाटेवर होत्या हे मान्य, पण कंपनीच्याच अहवालात गाड्यांचा साठा १५ दिवसांच्या विक्रीइतका होता तो वर्षभरात २८ दिवसांवर गेला होता. पुढच्या तिमाहीत साठा बराच उतरला, आणि त्याच काळात अमेरिकेत मॉडेल वाय या गाडीसाठी ०.९९ टक्के व्याजाचे कर्ज दिले जात होते. इतके स्वस्त कर्ज हा किंमत कमी करण्याचाच एक मार्ग.

किंमत हा शब्द मुद्दाम उच्चारला. मागणी डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती किंमत, साठा आणि ग्राहकाला वाट पाहावी लागणारा काळ. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मॉडेल वाय ६५,९९० डॉलरवरून ५२,९९० वर आणली गेली. त्यामुळे गाडी नव्या करसवलतीच्या ५५,००० डॉलर किमतीच्या मर्यादेतही बसली, हे सांगितलेच पाहिजे. त्या वर्षी १८ लाखांहून अधिक गाड्या गेल्या, आदल्या वर्षापेक्षा ३८ टक्के जास्त. मथळे विक्रमाचे होते. पण कंपनीचे ढोबळ नफ्याचे प्रमाण (विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता उरणारा वाटा) २५.६ टक्क्यांवरून १८.२ टक्क्यांवर उतरले. ज्यांनी फक्त डिलिव्हरी पाहिली, त्यांना ते वर्ष सुगीचे वाटले. मला ते तेव्हा तसेच वाटले होते, आणि नफ्याचे प्रमाण सलग तीन तिमाह्या घसरल्यावर मी माझा अंदाज बदलला. उशिरा बदलला, याची मला खंत आहे.

वृत्तपत्रांना दोष देणे सोपे आहे. पण पत्रकाराला विचारायला माणूस तरी हवा ना? टेस्लाने २०२० मध्ये अमेरिकेतला आपला जनसंपर्क विभाग जवळजवळ मोडीतच काढला. त्याआधी, मे २०१८ मध्ये, गुंतवणूकदारांबरोबरच्या दूरध्वनी बैठकीत एका विश्लेषकाने विचारले होते की मॉडेल ३ साठी नाव नोंदवलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष गाडीची निवड करायला पुढे येत आहेत. मागणीबद्दल यापेक्षा सरळ प्रश्न कोणता असेल? कंपनीचा प्रमुख इलॉन मस्क याने तो कंटाळवाणा म्हणून बाजूला सारला आणि यूट्यूबवरच्या एका प्रश्नकर्त्याकडे वळला. दुसऱ्या दिवशी समभाग पाच टक्क्यांहून अधिक पडला. ऑगस्टच्या बैठकीत त्याने माफी मागितली, ते बरे केले. पण माहितीचे दार बंद केले की लोक फटीतून बघतात. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने त्याच वर्षी गाड्यांच्या व्हीआयएन क्रमांकांवरून (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मॉडेल ३ च्या उत्पादनाचा अंदाज काढायला सुरुवात केली होती, ती काही हौस म्हणून नव्हे.

शेवटी एक साधी बेरीज सांगतो. अमेरिकेतली ७,५०० डॉलरची नवी सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. तिसऱ्या तिमाहीत ४,९७,०९९ गाड्या गेल्या, आजवरचा उच्चांक. चौथीत ४,१८,२२७. आधी 'विक्रम' छापून आले आणि मग 'घसरण'. २०१८ च्या डिसेंबरात जे झाले होते तेच हे: मुदत जवळ आली म्हणून खरेदी अलीकडे सरकली. अशा वेळी मी मुदतीच्या दोन्ही बाजूंच्या तिमाह्या एकत्र करतो आणि वर्षभरापूर्वीच्या त्याच दोन तिमाह्यांशी ताडून पाहतो.

२०१८ ची चौथी आणि २०१९ ची पहिली मिळून १,५३,७०० गाड्या होतात. त्याच्या वर्षभर आधी तीच बेरीज ६० हजारांच्या आत होती. म्हणजे 'मागणी संपली' हा मथळा छापला गेला तेव्हा कंपनी वर्षात अडीच पट झाली होती. मॉडेल ३ नुकती बाजारात आली होती म्हणून ती उडी एवढी मोठी, हेही लक्षात ठेवा. हाच हिशेब २०२५ ला लावा. तिसरी आणि चौथी मिळून ९,१५,३२६. २०२४ मध्ये त्याच दोन तिमाह्यांत ९,५८,४६० गाड्या गेल्या होत्या. उच्चांकाची तिमाही धरूनसुद्धा साडेचार टक्के कमी.