मीटर 65 ओहम दाखवतो, हिशोब 880 सांगतो

नमस्कार मंडळी, आज विजेच्या हिशोबाबद्दल बोलायचंय. कागद-पेन हाताशी असेल तर घ्या, नसेल तरी चालेल, एक भागाकार आणि एक गुणाकार एवढंच आहे.

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द होते, कामाच्या ठिकाणी मात्र सगळे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतो. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स मिळतो ओहममध्ये, आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते वॅटमध्ये. बास, सूत्र संपलं. पण खरी मजा सूत्र संपल्यावर सुरू होते, मला तरी तिथूनच हा विषय आवडायला लागला.

जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब घ्या, तार असलेला. 230 व्होल्टवर तो पाव अँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट घेतो, नीट सांगायचं तर 0.26. आता 230 ला 0.26 ने भागा, 880 ओहमच्या आसपास येतं. मग तोच बल्ब काढून, पूर्ण थंड झाल्यावर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचा छोटा मीटर, ओहमवर लावून मोजा. मीटर साठ-पासष्ट दाखवतो! मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला वाटलं मीटर बिघडला, सेल बदलले, परत मोजलं, तेच. खूप वेळ गेला हे कळायला की मीटरही खरा आणि हिशोबही खरा, दोघं वेगवेगळ्या वेळची गोष्ट सांगतायत. बल्बची तार टंगस्टनची असते, पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापली की तिचा रेझिस्टन्स चौदा-पंधरा पट होतो. म्हणूनच बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी साडेतीन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकतो, आणि असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडतात ते इथे समजतं.

म्हणून माझं सांगणं एकच, व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी मोजा, वस्तू चालू असताना. करंट आत्ता मोजला आणि व्होल्टेज सकाळचं धरलं तर भागाकार बरोबर येईल पण उत्तर त्या वस्तूचं नसेल. ज्याच्या नावावरून हे ओहम आलं त्या जर्मन शास्त्रज्ञ ओहमलासुद्धा ही अडचण आली होती बरं का. प्रयोग करता करता त्याच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरत जायचं, मग त्याने तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, म्हणजे तापमानातल्या त्या फरकामुळे व्होल्टेज अगदी थोडं पण एकसारखं मिळायला लागलं. 1827 मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यातला नियम आपण आजही वापरतोय.

आता हीटर बघू. 1000 वॅटचा हीटर 230 वर 4.35 अँपिअर घेतो, म्हणजे 53 ओहम. याची कॉइल बहुतेक नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते, ती लालबुंद झाली तरी रेझिस्टन्स फारसा बदलत नाही. समजा व्होल्टेज 180 वर आलं. पुष्कळ जणांना वाटतं हीटर 1000 चा आहे म्हणजे तो करंट जास्त खेचून 1000 पूर्ण करेल, तसं होत नाही हो. 180 भागिले 53, करंट 3.4 वर येतो, आणि 180 गुणिले 3.4 म्हणजे जेमतेम 610 वॅट. व्होल्टेज पावपटसुद्धा कमी झालं नाही आणि पॉवर चाळीस टक्के गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही घसरला.

मध्येच एक सांगतो, मिलीअँपिअर असेल तर आधी हजाराने भागा. मी 9 व्होल्टवर एलईडी लावत होतो, एलईडीचे 2 व्होल्ट सोडून 7 उरले, करंट हवा होता 20 मिलीअँपिअर, आणि त्यासाठी एलईडीच्या पुढे किती ओहमचा रेझिस्टर लावायचा ते काढायचं होतं. म्हणजे 7 भागिले 0.02, 350 ओहम. मी 20 नेच भागलं, उत्तर आलं 0.35, आणि एलईडी गेला. आणि पंखा, मोटर यांना नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर पुरत नाही, तिथे पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी किती भाग खरी पॉवर होते त्या आकड्याने. ओहमवर ठेवलेला मीटर चालू लाइनला तर कधीच लावू नका.

आता असा एक प्लग घ्या, ज्याची एक पिन काळपट पडलीये आणि बाजूचं प्लास्टिक तपकिरी झालंय. पिन सॉकेटमध्ये ढिली बसली की तिथे अर्धा ओहम तयार झाला असं धरू. आपल्या हीटरचे 4.3 अँपिअर त्यातूनच जाणार. करंट गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे 2 व्होल्टच्या जरा वर, तेवढेच हीटरला कमी मिळतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ते 2.15 व्होल्ट गुणिले 4.3 अँपिअर, सव्वानऊ वॅट होतात, आणि ते सगळे त्या एका पिनेच्या टोकाशी, हीटर चालू असेपर्यंत सतत तापत राहतात.