पोरांना आधी सांगा

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'दौऱ्यातलं दुःख आणि तरुण नृत्यपथकं' असा छापलाय. तुम्ही सगळेच पथकं घेऊन फिरणारे. मंचावर जायच्या दोन मिनिटं आधी एक फेटा हरवतो म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी एकच मागणं घेऊन आलोय. दौऱ्यावर असताना पोराच्या घरी कुणी वारलं, तर ते त्याला नाचायच्या आधी सांगा. का सांगायचं आणि कसं सांगायचं, ते बोलतोच. पण आधी गोष्ट.

1998 साली आमचं धनगरी गजाचं, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या नाचाचं, पथक युवक महोत्सवासाठी राजस्थानात गेलं होतं. दहा नाचणारे, पाच वाजवणारे. बहुतेक पोरं आटपाडी-जत भागातली. त्यातल्या एकाच्या वडिलांनी सगळ्यांची पावलं घटवून घेतली होती. हा माणूस मेंढरं भावाच्या हवाली करून दर रविवारी एस.टी.नं यायचा आणि वसतिगृहामागच्या पटांगणात ढोल लावायचा. आमचा बी.कॉम.चा एक मुलगा सारखा पायात पाय अडकून पडायचा. त्याला म्हणायचे, "लेका, नाचतोयस का रान नांगरतोयस?" मग स्वतः फेटा सावरून रिंगणात उतरायचे. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हातातला रुमाल उडाला की वय दिसायचं नाही. पोरं त्यांना आबा म्हणायची, मीही आबाच म्हणायचो.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी अकराला यजमानांच्या कार्यालयात फोन आला. आबा गेले. पहाटे छातीत कळ आली आणि संपलं. आमचा क्रम दुपारी चारचा होता. पथकाचे प्रमुख म्हणाले, "पोरगं कोलमडेल, बाकीचे चौदाही बिघडतील. संध्याकाळी सांगू." मी तिशीतला मास्तर, मान हलवली.

जेवताना आबांचा मुलगा माझ्याकडं आला. "सर, शेजाऱ्यांकडं फोन करून आबांना सांगू का, चारला नाचतोय म्हणून?" मी म्हणालो, "झाल्यावर एकदमच सांग."

त्या दिवशी तो फार सुंदर नाचला. सहाला आम्ही त्याला सांगितलं. तो रडला नाही. एवढंच विचारलं, "सर, कधी कळलं?" मी म्हणालो, "अकराला." त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. दुपारी दीडची गाडी होती. ती मिळाली असती तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तो घरी असता, आणि भावकीनं तेवढं थांबवलं असतं, असं त्याचे चुलते नंतर मला म्हणाले. तो मातीला पोचला नाही. सावडायला पोचला.

परतीच्या गाडीत चषक बाकाखाली होता. एरवी डब्यातल्या लोकांची झोपमोड करणारी आमची पोरं, पण ढोलाची खोळ कुणी सोडली नाही. तो पायात पाय अडकणारा मुलगा मला म्हणाला, "सर, आम्ही त्याच्याबरोबर हसत होतो. आम्हाला तरी सांगायचं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

आपल्याकडं गेलेल्या माणसाबद्दलही "तब्येत जास्त आहे, असशील तसा निघ" असंच कळवतात. ते खोटंच असतं, पण त्या खोट्यानं माणूस घराकडं निघतो तरी. आमच्या खोट्यानं त्याला जागच्या जागी धरून ठेवलं.

आता कुणीतरी विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढणार. प्रत्येक शिबिरात निघतंच. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहायला निघाल्या, असं सांगतात. आपण टाळ्या वाजवतो आणि पोरांना म्हणतो, बघा, याला निष्ठा म्हणतात. पण त्याच गोष्टीचा शेवट आपण गाळतो. प्रेक्षकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला. राहुटीबाहेर बसलेल्या शेतकऱ्यांना जे कळलं, ते आपल्याला कळायला नको? आणि तमाशात दसऱ्यापासून उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत खेळ थांबत नाही, त्याला अंगावर घेतलेली उचल आणि ठरलेली सुपारी हीसुद्धा कारणं असतात. तिथं पोटाचा प्रश्न आहे. आपल्या पोरांच्या डोक्यावर कुठली उचल होती?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

बातमी कळली की खात्री करा आणि लगेच सांगा. सांगणारा माणूस त्या मुलाच्या जवळचा हवा, मग तो प्रमुख असो की ढोलकीवाला. जायचं की नाचायचं, हे त्याला ठरवू द्या. एखादी मुलगी म्हणेल, मी नाचूनच जाणार. तेही बरोबरच आहे, तिला अडवू नका. तोवर दुसऱ्या कुणीतरी तिकिटाच्या मागं लागायचं. दौऱ्याच्या खर्चात दोन परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळे ठेवा, कारण पोराला एकटं पाठवायचं नाही. आयोजकांकडं क्रम बदलून मागा. आम्ही मागितलाच नव्हता.

बाकीच्यांनाही मंचावर जायच्या आधी सांगा. आणि घरी असतानाच नऊ जणांची तालीम करून ठेवा. रिंगण आवळून घ्यायचं की जागा मोकळी ठेवायची, ते पोरं ठरवतील. नर्तिका ॲना पाव्हलोवा 1931 च्या जानेवारीत दौऱ्यावर असतानाच नेदरलँड्समधल्या हेगला वारली. त्यानंतर लंडनमध्ये तिच्या हंसनृत्याचं संगीत वाजवलं गेलं आणि मंच रिकामा ठेवला. लोक उभे राहिले. रिकाम्या जागेला आपण उगाच भितो.

पुढचे वक्ते थांबलेत. दौऱ्याला निघण्याआधी पालकांकडून भरून घ्यायचा एक कागद मी तयार केलाय. घरी काही झालं तर मुलाला कुणी सांगावं, एवढंच त्यात विचारलंय. ज्यांना हवाय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या, मी तिथंच आहे.