आधी तिथी, मग लेन्स

नमस्कार श्रोतेहो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या थव्यांचे फोटो काढायला कोणती लेन्स घेऊ, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, जायचंय त्या दिवशी तिथी कोणती?

हसू नका. आपल्या कोकणपट्टीवर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा सहाच्या सुमारास. ओहोटीला चिखले, टिलवे, तुतवार दूरवर पांगलेले असतात. ४०० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्समधूनही मोहरीएवढे दिसतात. पाणी चढू लागलं की तेच पक्षी मागे सरकत सरकत उरलेल्या वाळूवर दाटीवाटीनं येऊन बसतात. आपण फक्त आधी जाऊन पडून राहायचं.

गोची अशी, की पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर येतं, पण भर दुपारी, सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. वाळू तापलेली, तिच्यावरची हवा थरथरते, आणि लांब लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. अष्टमी-नवमीला ऊन कोवळं मिळतं, पण तो भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, मंद भरती. पाणी अर्ध्यावरच थांबतं. म्हणून मी बारस-तेरस धरतो. बारसेची भरती नऊला, म्हणजे सातला अलिबागजवळच्या आक्षीच्या सुरूच्या बनातून खाली उतरायचं. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या छातीवर.

पालथं झोपायचं. कोपरं ओल्या वाळूत, लेन्स वाळूच्या वीतभर वर. कपडे खराब होतात, घरी बोलणी बसतात, ते चालायचंच.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या फोटोंत एक पक्षी स्वच्छ आणि चाळीस धुक्यात. फुल फ्रेम कॅमेरा, ४०० मिलिमीटर, पक्षी ३० मीटरवर आणि छिद्र, म्हणजे लेन्सचं अ‍ॅपर्चर, एफ ५.६ असेल, तर जेमतेम दोन मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. छिद्र लहान करून एफ ११ केलं तर चारेक मीटर. थवा त्याहून सहज खोल असतो. तेव्हा छिद्राशी झटापट करण्यापेक्षा जागा बदला. विश्रांतीला बसलेले पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात, आणि पाण्याच्या कडेला त्यांची लांबट रांग होते. त्या रांगेला समांतर पडा. फोकस पुढच्या ओळीतल्या डोळ्यावर. मागचे विरघळले तरी डोळ्याला खुपत नाही, पुढचा विरघळला की फोटो गेला.

उडणारा थवा हवा म्हणून मुद्दाम धावत जाणारे मी पाहिलेत. मला ते अजिबात पटत नाही. टिलवा पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव, सैबेरियाच्या टुंड्रातून आलेला. भरतीचे दोन-तीन तास ही त्याची विश्रांतीची वेळ. पाठीत चोच खुपसून बसलेल्यांनी एकदम माना वर केल्या, की सरपटत मागे व्हायचं. काही वेळानं पुन्हा एकेक चोच पिसांत जाते. शेजारचा एक चिखल्या लाटेचं पाणी पायाला लागलं तरी दुसरा पाय खाली टेकत नाही. एकाच पायावर टुणटुण उड्या मारत वर सरकतो. त्या उड्यांसाठी मी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवून बसतो.