आधी गवत बघा

मंडळी, सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘वृक्षप्रेमी’ असा शब्द वापरला. तो ठेवायचा की काढायचा ते तुम्हीच ठरवा, कारण आज मी बोलणार आहे ते बरंचसं झाडं न लावण्याबद्दल.

इथे बसलेले बहुतेक जण सकाळी वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, नाहीतर तळजाईला जाणारे. टेकडीसाठी काहीतरी करावं असं मनात आलं की पहिल्यांदा सुचतं ते रोप. जुलै लागला की कंपन्यांच्या बस पायथ्याशी उभ्या राहतात. खड्डे आधीच कुणीतरी खणून ठेवलेले, अंगात सगळ्यांच्या एकाच रंगाचे टी-शर्ट. २०१६ साली राज्य सरकारने एका दिवसात दोन कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०१९ च्या मोहिमेत ते ३३ कोटींवर गेलं. एप्रिलमध्ये त्या रोपांना पाणी कोण घालतं, हा प्रश्न सगळेच विचारतात. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. त्या जागेला झाड हवं होतं का?

पुण्याच्या टेकड्या बसाल्टच्या. कातळ, त्यावर मुरूम आणि माथ्यावर वीतभर माती सापडली तर नशीब. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा जागी निसर्गाने जे उभं केलं ते माळरान: गवत, आणि त्यात अंतराअंतरावर सालई, मोई, धावडा, हिवर, खैर, गणेर, मेडशिंगी. यातली बरीच झाडं उन्हाळ्यात पानं टाकतात आणि गवत वाळून पिवळं पडतं. शहरातल्या माणसाला मग टेकडी ‘उजाड’ वाटते. गणेराला तर पान नसतानाच पिवळीधमक फुलं येतात, पण तेवढं वर बघतो कोण?

उजाड वाटली म्हणून तिच्यावर गिरिपुष्प आलं. हे झाड मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. फांदी खोचली तरी जगतं, भराभर वाढतं, तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. लावणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार! धूप झालेल्या उघड्या उतारावर त्याने माती धरली, पालापाचोळा दिला, हे मला मान्य आहे. पण माथ्यावरचं शाबूत गवत खणून तिथे चर मारले आणि त्यांत ते लावलं, याचं समर्थन मला करता येत नाही. पवन्या, मारवेल, कुसळी ही उन्हाची गवतं. दाट सावलीत ती टिकत नाहीत.

कुसळी मोज्यात घुसते म्हणून आपण तिला शिव्या देतो. पुढच्या वेळी मोज्यातलं एक कुसळ काढून तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ हातावरच गरगर फिरायला लागतं. रात्रीच्या दवाने पीळ सुटतो, दुपारच्या उन्हाने परत बसतो आणि प्रत्येक फिरकीला टोकाचं बी मुरुमात थोडं आणखी शिरतं. बियाच्या टोकाला मागे वळलेले ताठ केस असतात, म्हणून आत गेलेलं बी बाहेर येत नाही. पेरणीची एवढी चोख व्यवस्था ज्या गवताने स्वतःच केली आहे, त्याच्यासाठी आपण खड्डे खणणार?

शिवाय त्या गवतात कुणीतरी राहतं. चंडोल, तित्तिर आणि रातवा यांची घरटी जमिनीवरच असतात. टिटवी तर खड्यांमध्येच साधारण चार अंडी घालते आणि ती इतकी खड्यांसारखी दिसतात की दोन पावलांवरूनही कळत नाहीत. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये पन्नास उत्साही माणसं माळावर आडवीतिडवी फिरवायची नाहीत. त्या दिवसांत श्रमदान करायचंच असेल तर रुळलेल्या वाटेवरच्या काचा आणि प्लॅस्टिक उचला.

मग काम कोणतं? एक म्हणजे घाणेरी, बाहेरून येऊन टेकड्यांवर माजलेलं लँटानाचं झुडूप, काढायची. बहुतेक जण कोयत्याने बुंध्यापाशी छाटतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट फुटवे घेऊन उभी. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी एक पद्धत रूढ केली, तीच आम्ही वापरतो. टिकावाने बुंध्याभोवतीची माती सैल करायची, जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं. उलटं अशासाठी, की फांद्या मातीला टेकून पुन्हा मुळं धरू नयेत. हे फळं धरायच्या आधी उरकायचं. बुलबुल फळं खाऊन ज्या झाडावर बसतात, त्याखाली रोपांचा नुसता सडा पडतो. पुढची दोन-तीन वर्षं त्या झाडांखाली फिरून ती रोपं उपटावी लागतात. काढून मोकळं सोडलं तर त्या जागेत गाजरगवत घुसतं. भारतात त्याचा बोभाटा १९५० च्या दशकात झाला तो पुण्यातूनच, त्यामुळे ही जबाबदारी थोडी आपलीही! ते फुलायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून उपटायचं. दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र त्या दिवशी दुसरं काम घ्यावं.

दुसरं काम जाळरेषेचं, म्हणजे वणवा पुढे पसरू नये म्हणून आधीच गवत कापून, जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं. वणव्याचा हंगाम धरला जातो १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे त्याआधी वाळलेल्या गवताचा पट्टा कापून साफ व्हायला हवा. तो कुठून कुठवर आणि किती रुंद, हे वनरक्षक सांगतील. जाळण्याचा भाग खात्याची माणसं करतील. आपण विळा आणि दाताळं चालवायचं. टेकडीचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. १९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा आग लावणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून कुदळ उचलण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. अर्जावर उत्तर यायला कधी कधी एक अख्खा ऋतू जातो. चिडून उपयोग नाही, पुढच्या ऋतूचा अर्ज आत्ताच द्यायचा.

बाहेर चहाच्या टेबलावर नावनोंदणीची वही आहे. जुलैच्या पानावर नावं नेहमीच भरपूर येतात. आज मात्र घाईत असाल तर ते पान उलटा आणि थेट जानेवारीच्या पानावर नाव लिहा. जाळरेषेला माणसं कमी पडतात.